चंचीतला मणी

पारोळे, बुधवार, ता. १२ मार्च १९५८

प्रिय मंदे,

तुझं पत्र आणि तिळगुळाची पुडी संक्रांतीलाच मिळाली. उत्तराला दोन महिने लागले, त्याची माफी मागत नाही. आज लिहायला बसले आहे ते शाळेला अर्ध्या दिवसाची रजा टाकून. अकरा वर्षांच्या नोकरीत अशी रजा मी कधी घेतली नव्हती. हेडबाईंनी विचारलं, की इंदिराबाई, बरं नाही का? म्हटलं, बरं आहे, एका मैत्रिणीला गाठायचं आहे.

तुझ्या पत्रात तू मनियारीण नूरबीची चौकशी केली होतीस, तर आधी तिचीच खबर देते. कार्तिकात मोटारीतली ती चोरी झाली, तेव्हापासून मोटार-स्टँडच्या काळ्या फळ्यावर तिचं नाव खडूने लिहिलेलं होतं. फळा तू पाहिला आहेस. ‘खालील इसमांवर नजर ठेवावी, पोलिसाशिवाय गाडीत घेऊ नये.’ चार माणसं खिसेकापू, आणि पाचवी नूरबी. बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन ती चार महिने गावोगाव पायी हिंडली. कंडक्टर तिला पायरीवर पाय ठेवू देत नव्हते. संक्रांतीला दरवर्षी माझ्या शाळेतल्या मुलींना बांगड्या तीच भरायची. यंदा मुलींच्या आयांनी तिला दारातूनच हाकललं. एक दिवस ती माझ्या पायरीवर येऊन बसली आणि म्हणाली, “मास्तरीणबाई, तुम्हीच तर माझ्या अंगाला हात लावून पाहिलं ना? काही निघालं का? मग तुम्ही तरी सांगा ना त्यांना.” मी तिला पाणी दिलं आणि घरात निघून गेले. काय सांगणार होते? मलाही मनातून वाटत होतं, की चोरीची एकदाणी हिनेच खिडकीतून फेकली.

मंदे, तुला आपली नशिराबादची शाळा आठवते का गं? वर्गात तू आणि मी मिळून एकच पाटी घेऊन बसायचो. तू चित्रं काढायचीस, मी गणितं करायची. एकदा एका मुलीचा चांदीचा छल्ला हरवला. मास्तरांनी सगळ्यांची दप्तरं पालथी केली, आणि छल्ला निघाला माझ्या दप्तरात. माझ्या तळहातावर बारा छड्या बसल्या. संध्याकाळी विहिरीजवळ तू माझ्या गळ्यात पडून रडलीस, की इंदे, मास्तर जवळ आले, मला भीती वाटली, हात आपोआप तुझ्या दप्तरात गेला. मी घरी कोणाला बोलले नाही. पण आईला कुठून कळलं कोण जाणे. ती एवढंच म्हणाली, “पोरगी गोड हाये वं, पन तिचा हात साफ नही.” मी आईशी आठ दिवस अबोला धरला. तुझ्यासाठी, मंदे! सख्ख्या आईशी!

तर ती कार्तिकातली दुपार. तू जळगावहून धुळ्याला घरी निघाली होतीस. गाडी पारोळ्याच्या अलीकडे दोन मैलांवर असताना शिरपूरच्या भिकुबाई झोपेतून जाग्या झाल्या आणि गळा चाचपून ओरडल्या. सोन्याच्या मण्यांची त्यांची एकदाणी गेली होती. कंडक्टर तोताराम आपल्या सवयीने दाराला पाठ लावून उभा राहिला, “कोनी खाले उतरानं नही! गाडी आते सरळ चौकीवर!” चोऱ्या वाढल्यापासून नियमच तसा होता. आरडाओरडा झाला की मधे कुठे थांबायचं नाही, गाडी भरल्या माणसांनिशी चौकीच्या अंगणात आणायची. पुरुषांची झडती शिपाई घेत, बायकांची मी. गावात सही करता येणारी, दिवसा हाकेला हजर असणारी आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात अशी विधवा एकच होती, म्हणून फौजदारांनी हे काम माझ्या गळ्यात मारलं. पण खरं सांगू? मला त्याचा अभिमान होता. शिपायाच्या धक्क्याबुक्क्यांपेक्षा मागच्या खोलीत सतरंजीच्या पडद्याआड एका बाईने दुसरीला नीट विचारून बघावं, यात चोरही सापडतो आणि बाईची अब्रूही राहते, असं मी फौजदारांना ठणकावून सांगितलं होतं. आणि त्यात एक नियम माझा स्वतःचा होता. आधी तुम्ही माझी झडती घ्या. माझ्या हातात, पदरात, कनवटीला काही लपवलेलं नाही, उगाच तुमच्या गळ्यात काही बांधणार नाही, हे डोळ्यांनी बघा, मग मी तुमच्या अंगाला हात लावीन.

बाया बिचाऱ्या लाजायच्या. माझ्या पदराला बोट लावून म्हणायच्या, झालं हो बाई, बघितलं. त्या दिवशीही तसंच झालं. आठ बाया होऊन गेल्या, कोणाकडे काही नाही. नूरबीबद्दल मी पंचनाम्यात लिहिलं, ‘सदर बाई झडतीचे वेळी घाबरलेली दिसली.’ शहाणपणा केला ना! परक्या बाईसमोर लुगडं सोडायला सांगितल्यावर कोण घाबरत नाही? तू सगळ्यात शेवटी आलीस. बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, “मी हिची बालमैत्रीण आहे, मी आधी सुटले तर लोक काय म्हणतील? मी शेवटी जाते.” माझा ऊर भरून आला. आणि आत आल्यावर माझी झडती एकट्या तूच खरोखर घेतलीस. पदर झटकलास, ओच्यात पाहिलंस, कमरेची चंची सोडून तिचा कप्पा न् कप्पा उघडून बघितलास, सुपारीचा, लवंगांचा, अडकित्त्याचा, आणि गुंडाळून पुन्हा माझ्याच कनवटीला खोचून दिलीस. वर म्हणालीस, “मैत्रीण म्हणून मला सोडू नकोस हं.” मी सोडलं नाही. तुझ्या अंबाड्यात बोटं घालून पाहिलं. काहीच नव्हतं. मी अभिमानाने बाहेर येऊन फौजदारांना सांगितलं, सगळ्या बायांनी असं सहकार्य केलं तर पोलिसांचं काम किती सोपं होईल!

मग तूच सांगितलंस, की या मनियारणीचा हात मी खिडकीबाहेर गेलेला पाहिला. भिकुबाई म्हणाल्या, माझ्या शेजारी हीच बसली होती. झालं. चोर ठरला. मुद्देमाल नाही म्हणून खटला नाही, पण फळ्यावर नाव चढलं. पंचनाम्याच्या तळाशी माझी सही होती, आणि खिडकीचा मजकूर तुझ्या तोंडचा होता. बाकी कोणीही तो हात पाहिलेला नव्हता. हे मला तेव्हा खटकायला हवं होतं.

ड्रायव्हर जेवायला गेला तेवढ्या वेळात तू माझ्या घरी आलीस. मी चहा टाकला. आपण दोघी नशिराबादच्या विहिरीच्या गोष्टी काढून हसलो. मी कपबश्या धुवायला मोरीत निघाले तर तू म्हणालीस, “इंदे, तुझी चंची दे बघू, एक खांड सुपारी खाते.” मी कमरेची काढून दिली आणि मोरीत गेले.

मंदे, तुला सुपारी सोसत नाही. लहानपणी माझ्या मावशीच्या लग्नात एक खांड खाऊन तू मांडवात घेरी येऊन पडली होतीस. तेव्हापासून तू तिचा वाससुद्धा घेत नाहीस. हे मला माहीत होतं, आणि तरीही त्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आपली माणसं म्हटली की माझी अक्कल गहाण पडते, ही खोड माझी. परवा सोमवारी रंगपंचमीला शाळेतल्या पोरींनी मला नखशिखांत भिजवलं. चंचीही लाल झाली. ती धुवायला म्हणून उलटी केली, तर लवंगांच्या कप्प्याच्या शिवणीत काहीतरी टोचलं. ज्वारीच्या दाण्याएवढा सोन्याचा मणी, आणि त्याच्या भोकात हिरव्या रेशमाचा तंतू. भिकुबाईंची एकदाणी हिरव्या रेशमात ओवलेली होती. पंचनाम्यात ते मीच लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात.

मोरीत बसून राहिले. चंचीला हात लावणारी दुसरी कोणी आठवते का म्हणून डोकं खाजवलं. कोणी नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं माझं झालं. सोनं माझ्या कमरेला, आणि मी नऊ बायांची लुगडी चाचपते आहे! भिकुबाईंच्या दुसऱ्या अंगाला तूच बसली होतीस; एकदाणी तू कापलीस की गाडीच्या हिसक्याने तुटून तुझ्या मांडीवर पडली, ते तुझं तुलाच माहीत. पडली असेल, तोतारामने दार अडवलं असेल, तुला भीती वाटली असेल, हात आपोआप गेला असेल. लहानपणी मी तुझं हे बोलणं खरं मानलं. पण या वेळी तुझा हात गेला कुठे? बायकांना माझ्यावर विश्वास वाटावा म्हणून मी जी रीत पाडली, त्या रितीतच तू सोनं लपवलंस, आणि सुपारीच्या निमित्ताने काढून नेलंस. केसाने गळा कापलास गं माझा. आणि तेवढ्याने भागलं नाही, म्हणून एका गरीब बाईचा हात खिडकीबाहेर काढलास. संक्रांतीच्या पत्रात लिहितेस, ‘ती मनियारीण मला पहिल्यापासूनच बरी वाटली नव्हती, गाडीत अशांना घ्यायलाच नको.’ तुझ्या घरी कापडाचं दुकान, नवरा देवमाणूस, अंगावर सोनं. काय कमी होतं तुला? मला राग आहे, मंदे, मी तो लपवत नाही. काल रात्री तुझं तिळगुळाचं पत्र चुलीत घातलं.

आज सकाळी शाळेआधी चौकीवर गेले आणि मणी कागदात बांधून फौजदारांपुढे ठेवला. ते मला समजावायला लागले, “मास्तरीणबाई, चार महिने झाले, लोक विसरले, कशाला ही उठाठेव?” मी म्हटलं, नूरबी विसरली नाही. माझा नवा जबाब लिहून घ्या, आणि तिचं नाव माझ्यासमोर पुसा. ते म्हणाले, मग संशयित कोण? मी म्हटलं, चोरीचा माल ज्याच्या कनवटीला निघतो तो संशयित, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. माल माझ्या कमरेला होता. माझं नाव लिहा. ते आधी हसले. मग माझा चेहरा बघून त्यांनी माझं नाव लिहून घेतलं, आणि माल कोणी ठेवला ते विचारलं. मी शनिवारपर्यंतची मुदत मागितली. नूरबीला निरोप धाडला होता. ती स्टँडवर आली, फळा पाहिला, आभारबिभार काही मानले नाहीत. एवढंच म्हणाली, “चार महिने कोण परत देईल, बाई?” आणि पेटी उचलून दुपारच्या गाडीत चढली. तोतारामने हात देऊन पेटी वर घेतली. माझ्याकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

आता तुला कळलं असेल, मी स्वतः न येता पत्र का लिहिते आहे ते. तुझ्या दारात उभी राहून हे सगळं तोंडावर बोलायचं म्हणून मी त्याच गाडीत बसायला निघाले होते. तोताराम खाली मान घालून म्हणाला, “मास्तरीणबाई, फळावर तुमनं नाव शे.” फळ्यावर नूरबीच्या जागी ‘इंदिराबाई, शिक्षिका’ असं लिहिलेलं आहे, आणि माझ्याच शाळेतल्या मुली ते मोठ्याने वाचून गेल्या. मला गाडीत घेत नाहीत, पत्राला घेतात. शनिवारी सकाळच्या गाडीने ये, उरलेले मणी घेऊन ये, आणि चौकीत स्वतःच्या तोंडाने सांग. तू आली नाहीस तर संध्याकाळी मी तुझं नाव सांगेन. बारा छड्या खाऊन गप्प बसली ती इंदी आता राहिली नाही. मी स्टँडवर, फळ्याखालीच उभी असेन.

शनिवारपर्यंत तरी तुझीच,
इंदू