एकसष्ट पक्की मतं

२७ मार्च २००६, सोमवार
मराठी मंडळाच्या त्रैमासिकात माझा लेख घेणार नाही असं कमिटीने काल कळवलं, म्हणून ही वही. कारण दिलं आहे की वाचकांना राजकारण नको, पाककृती हव्यात. लेखाचं नाव ‘स्थानिक निवडणूक आणि समाजवादाचं भवितव्य’. फक्त नऊ पानं. त्यांच्या पुरणपोळीला सहा पानं दिली होती, तेव्हा कोणी जागेचं बोललं नाही.
मी पुण्याला राज्यशास्त्र घेऊन बी.ए. केलं, १९६४ साली. लंडनला एजवेअरमध्ये बत्तीस वर्षं राहते आणि तितकीच वर्षं लेबर पक्षाची मेंबर आहे. मला गप्प करणं कमिटीला जमणार नाही. लिहायला वही आहे, बोलायला वॉर्ड आहे.
संकल्प: ४ मेच्या मतदानापर्यंत प्रचाराला रोज वीस घरं. चिडायचं नाही. कोणाकडे चहा घ्यायचा नाही.

२९ मार्च
जोनकडे मीटिंग. जोन टली बारा वर्षं आमच्या वॉर्डाची कौन्सिलर आहे. त्याआधी ती आमची शेजारीण होती. १९७४ च्या डिसेंबरात आमचं हीटिंग बंद पडलं, तेव्हा स्वतःचा पॅराफिन हीटर उचलून घेऊन आली होती. नाव-गाव नंतर विचारलं.
तिचा निवडणूक एजंट डेरेक पिल्बीम. माणूस चांगला, पण सुस्कारे फार. म्हणाला, हवा वाईट आहे. इराकचं युद्ध, हॉस्पिटलांना कात्री, कौन्सिल टॅक्स म्हणजे घरपट्टी. सरकारला नऊ वर्षं झाली की लोक राग पंतप्रधानांवर काढतात आणि शिक्षा कौन्सिलरला होते. मागच्या वेळी जोन एकशे चाळीस मतांनी आली. यंदा चुरस अशी, की पंचवीस-तीस मतं इकडे-तिकडे झाली तरी संपलं.
जोन शांतपणे म्हणाली की ती अडुसष्ट वर्षांची आहे. ही जागा गेली तर पक्ष तिला पुन्हा उभं करणार नाही, तरुण माणूस आणतील.
मी म्हटलं, मराठी मतं माझ्यावर सोडा. डेरेकने विचारलं किती. मी म्हटलं एकसष्ट. त्याने लगेच एकसष्ट कार्डं मोजून दिली, माणशी एक. आपला मतदार असेल तर एल, विरोधात असेल तर ए, डळमळीत असेल तर डी.
डी कशाला छापतात कळत नाही. समजावून सांगितलं की माणूस डळमळीत राहत नाही.

४ एप्रिल, मंगळवार
सुरुवात केली. (आधीचे दिवस गुढीपाडव्यात आणि कार्डं आडनावांप्रमाणे लावण्यात गेले.)
पहिलं घर मुरलीधररावांचं. एअरपोर्टवरून रिटायर झालेत. दार उघडल्या उघडल्या युद्धावर सुरू झाले. म्हणे मी त्या थंडीत मोर्च्यात हाइड पार्कपर्यंत चाललो, लाखो लोक होते, कोणी ऐकलं का आमचं? मी त्यांना थांबवलं. पक्ष वरून बदललाय पण आतून तोच आहे, हे मुद्देसूद पटवलं. चाळीस मिनिटं. मध्येच आतून करपल्याचा वास आला, तर वरण गॅसवर होतं. शेवटी म्हणाले, बरं वहिनी, तुम्ही म्हणता तर. एल.
एकूण घरं तीन, चहा तीन. वीसचा हिशेब सरासरीने भरून निघेल.

८ एप्रिल
मराठी पत्रक लिहून झालं. डेरेकला हवं होतं: कचऱ्याचे बिन वेळेवर उचलले जातात, लायब्ररीचे तास वाढले, हाय स्ट्रीटला झेब्रा क्रॉसिंग झालं. मी म्हटलं, ही कामं झाली, विचार कुठे आहे? तीन पानं विचार घातला. क्रॉसिंगला तळटीप दिली.
आश्लेषाने, म्हणजे नातीने, डेरेकला ‘समाजवाद’ हा शब्द बोट ठेवून दाखवला. तो अकरा वेळा आलाय. डेरेक म्हणाला, मिसेस वर्तक, हा शब्द आपण हल्ली वापरत नाही. मी पर्समधून मेंबरशिप कार्ड काढून मागची बाजू त्याच्यापुढे धरली. ‘डेमोक्रॅटिक सोशलिस्ट पार्टी’ असं स्वच्छ छापलंय. त्याने चष्मा लावून वाचलं. मग सुस्कारा.
तीनशे कॉप्या काढल्या.
ह्यांना पहिली कॉपी वाचायला दिली. हे म्हणजे श्रीनिवास, तीस वर्षं हॉस्पिटलात लोकांना भूल दिली. दुसऱ्या पानावर स्वतःच झोपले. उठल्यावर म्हणाले, हे आमच्या वेळी असतं तर किती सिलिंडर वाचले असते.
हे कायम थट्टाच करतात. मत मात्र आपलंच. एल.

१२ एप्रिल
आश्लेषाला अठरा पूर्ण झाली. पहिलं मत. मी कार्ड भरायला घेतलं तर म्हणाली, आजी, मी यलोला वोट करणार. तुझा पार्टीने वॉर केला, माझा फी पण वाढवला. (यलो म्हणजे लिबरल डेमोक्रॅट.)
लिंग-वचन सुधारून दिलं. पार्टी तुझी, फी माझी. ती म्हणाली, फाइन, तुझी पार्टीने माझी फी वाढवली, तरी पण यलो.
मी डी लिहिलं. ती म्हणे ए लिही. मी म्हटलं, डी. तिने पेन्सिल मागितली. दिली नाही.

१८ एप्रिल
तीन आठवड्यांत चौदा कार्डं. दोष माझा नाही. लोक फार बोलतात. दारात उभं राहिलं की गाऱ्हाणी सुरू होतात, आणि प्रत्येक गाऱ्हाण्याला उत्तर देण्यात दिवस जातो.
सकाळी देव पुसताना मार्ग सापडला. चैत्रगौर बसलेलीच आहे. शनिवारी हळदीकुंकू करायचं आणि सगळ्या बायका एकाच छपराखाली आणायच्या. घराघरातली मतं बायकांच्याच हातात असतात.
डेरेकला फोन केला. घाबरला. मतदारांना खाऊपिऊ घालणं हा निवडणुकीत गुन्हा आहे म्हणे, त्याला ‘ट्रीटिंग’ म्हणतात. मी म्हटलं, भिजवलेले हरभरे म्हणजे खाणं नव्हे, ओटी आहे. आंब्याची डाळ आणि पन्हं देवीसाठी असतं. गेली बत्तीस वर्षं करते आहे, तेव्हा कुठे निवडणूक होती? त्याने विचारलं, देवी कोणत्या पक्षाची? विनोद असावा. शेवटी ठरलं की घरात निवडणुकीचा शब्दही काढायचा नाही. निघताना दारात, उंबऱ्याबाहेर एकच प्रश्न विचारायचा.

२२ एप्रिल, शनिवार, संध्याकाळी ७
उत्तम झालं. एकोणतीस बायका आल्या.
निघताना एकेकीला दाराबाहेर घेतलं. हळद, कुंकू, अत्तर, ओटी. कुंकवाचं बोट कपाळावर टेकवायचं आणि विचारायचं, चार तारखेला जोनलाच ना? सगळ्या हो म्हणाल्या. एकही ‘नाही’ आलं नाही. अशी शिस्त दुसऱ्या कुठल्या समाजात आहे?
फक्त लीलावती कपाळ पुढे करून म्हणाली, अगं सुनीती, पण आमचा कौन्सिल टॅक्स— मागे रांग होती. हातात पन्ह्याचा दुसरा ग्लास दिला आणि पुढे काढली. एल. तिच्या मिस्टरांनाही एल.
मधुमती म्हणाली, अगोबाई, हळदीकुंकू आहे का इमिग्रेशन? सगळ्या हसल्या. वातावरण अनुकूल होतं.
संध्याकाळी बसून उरलेली कार्डं पुरी केली. नवरे बायकांबरोबर, मुलं आईबरोबर. आश्लेषाचं डीही खोडून एल केलं. आयत्या वेळी वडीलधाऱ्यांचा मान राखेल.
एकसष्टपैकी एकसष्ट.

२६ एप्रिल
डेरेकने कार्डं दोनदा चाळली. म्हणाला, तीस वर्षांत शंभर टक्के कुठल्या रस्त्यावर बघितले नाहीत. मी म्हटलं, तीस वर्षांत हळदीकुंकू केलं नाहीस.
जोन पुढच्या आठवड्यात ह्या घरांना स्वतः भेटणार होती. मी म्हटलं, गरज नाही, तिला जिथे डळमळीत आहे तिथे पाठवा. डेरेकला पटलं. भेटी रद्द. जोनने माझा हात दाबला आणि म्हणाली, एवढा रस्ता तरी आता चिंता नाही.
मंडळाच्या कमिटीने हे बघायला हवं होतं.

४ मे, गुरुवार. मतदान.
सकाळी ७. कोटावर पक्षाचं लाल रोझेट लावलं. ह्यांना गाडीसह तयार ठेवलंय. कामाची पद्धत अशी: मतदान केंद्राच्या दाराशी आपला माणूस कोण येऊन गेलं त्याचे नंबर टिपतो. एल असून जो आला नाही, त्याला घरून आणायचं.
११.३०. फक्त नऊ आले. लोकांना आपल्या मताची किंमत नाही. निघते.
२.१५. मुरलीधरराव सोफ्यावर क्रिकेट बघत होते. म्हणे यंदा कोणालाच नाही, घरीच बसणार. मी टीव्ही बंद केला. बूट पुढे ठेवले. लोकशाहीत घरी बसणं हा पळपुटेपणा आहे असं सांगितलं. गाडीत बसल्यावर म्हणाले, वहिनी, तुम्ही म्हणता ते खरं, मत द्यायलाच हवं. चेहऱ्यावर तेज आलं होतं.
३.४०. लीलावतीचे गुडघे. येणार नव्हती. पाठीला उशी, पायाखाली पाट, असं नेलं. तिच्या मिस्टरांनाही. उतरताना म्हणाली, सख्खी बहीणही एवढं करत नाही गं.
६.००. पंचावन्न! उरलेल्यांत चार भारतात, एक दवाखान्यात, एकाने दार उघडलं नाही. ह्यांनी पेट्रोलचा काटा दाखवला. दुर्लक्ष केलं.
६.३०. जोन केंद्रावर भेटली, आकडा सांगितला. सगळ्यांसमोर मिठी मारली. मला असलं आवडत नाही, पण चालवून घेतलं.

५ मे
सकाळी आठला डेरेकचा फोन. जोन तेवीस मतांनी पडली. निळे आले, म्हणजे टोरी.
कारणं उघड आहेत. बाकीच्या रस्त्यांवर ढिलाई. मी पंचावन्न बाहेर काढले, दुसऱ्या कोणी किती काढले? डेरेकला चार पानी पत्र लिहिलं, ‘कार्यकर्त्यांतील आळस: कारणे व उपाय’. फर्स्ट क्लास टपालाने टाकलं.
जोनला फोन केला नाही. तिला विश्रांती हवी असेल.

६ मे, शनिवार
भाजीच्या दुकानात लीलावती भेटली. मेथी निवडता निवडता म्हणाली, तुझी जोन पडली ना गं, वाईट वाटलं. मी म्हटलं, तू तरी दिलंस ना. ती म्हणाली, छे गं, आम्ही निळ्यांना दिलं, टॅक्स किती वाढवलाय. मी तुला सांगत होते की त्या दिवशी, तू पन्हं दिलंस. मग आमचे हे म्हणाले, आता तिला काही बोलू नकोस, गाडी यायची नाही.
आणि हसली. ह्यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. मधुमतीनेही निळ्यांनाच दिलं. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. माझ्याच दिवाणखान्यात, डाळ खाताना.
तिथून तडक मुरलीधररावांकडे गेले. त्यांनी पिवळ्यांना दिलं. युद्धाच्या निषेधासाठी. वहिनी, तुम्ही बूट पुढे ठेवले नसते तर राहूनच गेलं असतं. मनापासून आभार मानले.
दुपारपर्यंत फोनवर चोवीस जणांना विचारलं. आता सगळे मोकळेपणाने सांगतात. जोनला सहा.
घरी आले. हे म्हणाले, मला विचारणार नाहीस? मी कुकर लावला.
तरीही नोंद करते. पंचावन्न माणसं मी घराबाहेर काढली. निम्मी गेलीच नसती. वॉर्डात एवढं मतदान दुसऱ्या कुठल्या समाजाचं झालं नाही. यंत्रणा चोख होती. चुकले ते मतदार.

७ मे, रविवार, सकाळी ११
डेरेकचा निरोप आला होता, साहित्य जोनकडे परत करा. गेले.
समोरच्या खोलीतली पोस्टरं काढून झाली होती. भिंतीवर चिकटवायच्या ब्लू-टॅकचे ठिपके. जोन एकटी होती.
उभ्यानेच सांगितलं की तेवीस मतांची तूट माझ्या गाडीतून गेली. खोटं बोलण्याची मला सवय नाही.
तिने खुर्ची पुढे केली. रागावली नाही. रागावली असती तर मी उत्तर तयार ठेवलं होतं. तिने चष्मा लावला, लिहायचं पॅड घेतलं आणि म्हणाली, बरं, ती माणसं माझ्यावर कशासाठी नाराज होती ते सांग. युद्ध, टॅक्स, की मी कुठे कमी पडले? मी आता उभी राहणार नाही, पण जो कोणी राहील त्याला हे लागेल. पाच आठवडे तू त्यांच्या दारात होतीस.
मी कार्डांचा गठ्ठा उलटा केला.
जोनच्या ताब्यात दिलं: क्लिपबोर्ड एक. रोझेट दोन. मराठी पत्रकं दोनशे अठ्ठ्याऐंशी. मतदार-यादी एक. कार्डं एकसष्ट. पुढच्या बाजूला एल, एकसष्ट. मागच्या बाजूला ‘मतदार काय म्हणाला’ असा रकाना, एकसष्टही कोरे.
पोच मिळाली.