घरातले पाणी सांडू नये

"तुमच्या देवाला तान लागत न्हाई का?"

हे खडी फोडणाऱ्या रत्नम्माने मला चौदा वर्षांपूर्वी, अहमदपूर-कंधार रस्त्याच्या दुष्काळी कामावर विचारले. मृत्युपत्र लिहायला बसले तर लेखणीतून आधी हेच उतरले, म्हणून ते तसेच राहू देते.

मी मिलका शलोम रोहेकर, वय चव्वेचाळीस, अविवाहित, बेने इस्राएल यहुदी, मूळ राहणार ठाणे, हल्ली राहणार अहमदपूर, जिल्हा लातूर (हात अजून उस्मानाबाद लिहायला जातो), लिहून ठेवते की माझ्या पोटात गाठ आहे आणि ती पसरली आहे. लातूरच्या डॉक्टरांनी पुढची तारीख दिली नाही. डोके मात्र ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी भरीला पाडलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. गावातले माझे दोन खोल्यांचे पत्र्याचे घर साखराबाईला द्यावे. ती बारा वर्षे माझ्याबरोबर मुले सांभाळते आहे. अट एकच, पुढच्या खोलीत पाळणाघर चालू राहावे. मोलाने जाणाऱ्या बायकांची मुले तिथे निजतात. मला गावात अजून "पाळण्याच्या बाई" म्हणतात. माझे आडनाव फक्त पोस्टमनला माहीत आहे. शिवणयंत्र आणि पोस्टातली शिल्लकही पाळणाघराचीच.

कलम २. शब्बाथचा, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी लावायचा, टांगता काचेचा दिवा माझा भाऊ हनोक याला द्यावा. त्याची काच लहानपणी त्यानेच तडकवली आणि मार मी खाल्ला. १९७३ साली मी इथेच राहिले तेव्हा त्याने कळवले होते, "पंधरा दिवसांत परत ये, नाहीतर येऊच नकोस." मी त्यातले दुसरे ऐकले. त्याच्यावर आता माझा राग नाही. दिवा मात्र तडकलेलाच द्यावा, काच बदलू नये.

कलम ३. दारातले पाण्याचे पिंप जागेवरच ठेवावे, त्याला कुलूप लावू नये. पाळणाघराला पाण्याची टाकी मिळावी म्हणून मी अर्ज केला होता. उस्मानाबादकर म्हणाले, तुमचा जिल्हा आता लातूर, कागद तिकडे गेले. लातूरकर म्हणाले, अजून आले नाहीत. त्याला पाच वर्षे होत आली. जिल्हा झाला त्या दिवशी गावात पेढे वाटले, तेव्हा रत्नम्मा म्हणाली होती, "जिल्हा नवा आला म्हनं. येताना पानी घिऊन आला का?" यंदा पुन्हा विहिरी तळाला गेल्या आहेत आणि टँकर येईल तो दिवस आपला.

कलम ४. मी गेल्यावर या घरातले पाणी कोणीही सांडू नये. पिंपातले नाही, माठातले नाही, तांब्यातलेही नाही. ठाण्याहून आमचे लोक आले आणि त्यांनी रीत म्हणून हट्ट धरला, तर साखराबाईने आडवे यावे.

ही रीत वाचणाऱ्याला माहीत नसेल. आमच्यात घरात माणूस गेले की घरातले साठवणीचे सगळे पाणी ओतून देतात. मृत्यूचा दूत आपली सुरी त्या पाण्यात धुतो, असे जुन्या बायका सांगतात. कोकणात हे चालून जाते. तिथे विहीर परसात असते.

बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळात आमच्या ठाण्याच्या स्त्री मंडळाने आम्हा तिघींना इकडे पाठवले. मंडळ एरवी आजाऱ्याची शुश्रूषा करी, गरिबांच्या मुलींची लग्ने लावी, आणि कोणी बाई वारली की तिला शेवटचे स्नान घालून कफन शिवी. ही सेवा आमच्यात सगळ्यांत मोठी मानतात, कारण गेलेली बाई तिची फेड करू शकत नाही. तिघी म्हणजे आमच्या प्रमुख सेगुलाबाई, त्यांची वीस वर्षांची मुलगी दीना आणि मी. खडीकामावर ताडपत्रीखाली बांबूंना लुगडी बांधून आम्ही पाळणे केले. उन्हात बाया खडी फोडायच्या, त्यांची पोरे आमच्याकडे असायची. रत्नम्मा त्या बायांतली. घरची जमीन होती, पण त्या वर्षी जमीन असलेले आणि नसलेले एकाच ढिगाशी बसले होते. तिचा दीड वर्षांचा शरणू आमच्या पाळण्यात निजायचा आणि जागा झाला की सेगुलाबाईंचा चष्मा ओढायचा.

एप्रिलमध्ये सेगुलाबाई ऊन लागून गेल्या. मी कफनाचे कापड आणायला अहमदपूरला गेले. परत आले तर पाळण्यांखाली चिखल झालेला. दीनाने टँकरच्या पाण्याची दोन्ही पिंपे आणि सगळे माठ ओतून टाकले होते. ती रडत नव्हती. एकेक माठ नीट पालथा घालून ठेवत होती, आईने शिकवले तसा. बाया भोवती उभ्या होत्या. एक म्हातारी तेवढी खाली बसून ओल्या मातीवरून हात फिरवत होती.

मग लक्षात आले की सेगुलाबाईंना स्नान घालायलाच पाणी नाही. आम्ही कोणाकडे मागितले नाही. मागायला तोंड कुठे होते? रत्नम्मा आपल्या खोपटात गेली आणि घरची एकुलती एक भरलेली घागर आणून दीनाच्या पुढ्यात ठेवली. "घाला म्हातारीला आंघूळ," म्हणाली. "तशीच कशी जाईल?" त्या एका घागरीत आम्ही सेगुलाबाईंना न्हाऊ घातले. रत्नम्माचे लिंगायत लोकही मृताला पुरतात. ते बसवून पुरतात, आम्ही निजवून. त्यांनी आपल्या रुद्रभूमीच्या कडेला आम्हाला आडवी जागा खणून दिली.

दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. बायांनी ओढ्यातल्या खड्ड्यातले पाणी पदराने गाळून पोरांना पाजले. चौघांना हगवण लागली. तिघे वाचले. शरणूला पुरून आल्यावर रत्नम्मा पाळण्यांपाशी आली आणि मला सुरुवातीला लिहिलेला तो प्रश्न विचारला. ती रागात नव्हती. तिला खरेच माहीत करून घ्यायचे असावे, असे विचारले.

दीना त्याच आठवड्यात ठाण्याला गेली. मी राहिले.

कलम ५. माझे तांब्याचे घंगाळ रत्नम्माला द्यावे. ती घेणार नाही, तरी दारात ठेवून यावे. ती रोज संध्याकाळी माझ्या उंबऱ्यावर बसते. माझी भाकरी खाते. एलिया नबींच्या नावाने मी मलिदा करते तोही खाते आणि म्हणते, "तुमचा नबी गोडखाऊ हाय, बरं हाय." पण शरणू गेल्यापासून इतक्या वर्षांत तिने माझ्या घरचे पाणी तोंडाला लावलेले नाही. मलिदा खाते, तोंड पुसते आणि पाणी प्यायला घरी जाते. मीही कधी आग्रह केला नाही. माझा आजार सांगितला तेव्हा म्हणाली, "मग घर झाडून ठिव. मानसं येतील." आणि झाडू घेऊन स्वतःच झाडायला लागली.

कलम ६. मला सेगुलाबाईंच्या शेजारी पुरावे. रुद्रभूमीच्या पंचांनी तोंडी होकार दिला आहे. ठाण्याला नेऊ नये.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी निवृत्त शिक्षक हणमंतराव यांनी करावी.

ठिकाण : अहमदपूर, जिल्हा लातूर
दिनांक : ५ एप्रिल १९८७
लिहून ठेवणार : मिलका शलोम रोहेकर
साक्षीदार : १. हणमंतराव, निवृत्त शिक्षक. २. सुमनबाई, परिचारिका.

सह्या झाल्यावर हणमंतरावांनी चष्मा काढून विचारले, "बाई, राहिलं का काही?" राहिले आहे. दोघांसमोर वाढवते.

कलम ७. दीना आता मंडळाची चिटणीस आहे. मंडळाच्या सभागृहात आमच्या त्या दुष्काळी सेवेचा फोटो लावला आहे, त्याला हार असतो. ती दर वर्षी पाळणाघरासाठी कापड पाठवते, चांगले सुती. पाण्याबद्दल मात्र चौदा वर्षांत एक शब्द नाही. माठ ओतले याचा राग मी केव्हाच सोडला. तिची आई गेली होती, आणि त्या घटकेला आईने शिकवलेले तेवढेच तिला आठवले. राग आहे तो एवढाच, की ती घागर कोणाची होती आणि त्या घरात पुढे काय झाले हे मी तिला कळवले, तरी ती आली नाही.

तिला आजच तार करावी. उन्हाळ्यात प्रेत थांबत नाही, हे कारण तिला मिळू नये. मला शेवटचे स्नान दीनाने घालावे. त्याला टँकरचे पाणी नको, या घरातलेही नको. तिने रिकामी घागर घेऊन रत्नम्माच्या दारात जावे आणि घागरभर पाणी मागावे. बरोबर कोणाला नेऊ नये, दुसऱ्याकडून निरोप धाडू नये. रत्नम्मा नाही म्हणाली तर तो तिचा हक्क. मग मला न धुताच पुरावे, आणि कोणी वाईट वाटून घेऊ नये.

दीना यायची नाही, मला ठाऊक आहे. आली तरी त्या दारात जायची नाही. तरीही लिहिते. दीना, ये. रत्नम्माकडे पाणी माग.

— मि. श. रो.