रजिस्ट्री क्लीनरची निःपक्षपाती चाचणी

५ जानेवारी, रविवार. सकाळी ८.१०
घरचा कम्प्युटर सुरू व्हायला चार मिनिटं दहा सेकंद लागतात. स्टॉपवॉचवर तीनदा मोजलं. नमिता म्हणाली, तेवढ्यात माझा कुकर होतो, मला काही त्रास नाही. पण नवऱ्याचं काही कर्तव्य आहे की नाही? गावच्या मंडळाला पंचाहत्तर वर्षं झाली. स्मरणिकेचं संपादन पहिल्यांदाच एका सुनेकडे आलंय, आणि ती सून माझी बायको आहे. चौसष्ट पानं ती याच मशीनवर, सोळा वर्षांपूर्वीच्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये करतेय. १८ तारखेला फाईल प्रेसला जाणार, २६ला मंडळाच्या वार्षिक पूजेच्या दिवशी प्रकाशन. तिला वेगवान मशीन द्यायचं. गाजावाजा न करता.

नेटवर वाचलं, दोष रजिस्ट्रीत असतो. रजिस्ट्री म्हणजे कम्प्युटरची हजेरीवही. कुठलं सॉफ्टवेअर कुठे राहतं ते तिच्यात लिहिलेलं. सोडून गेलेल्यांची नावंही तशीच राहतात. ती खोडणारे क्लीनर फुकट मिळतात. लोक पहिला दिसेल तो उचलतात. मी औषध कंपनीत बावीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. मी तुलना करणार.

६ जानेवारी, सोमवार
तक्ता आखला. दोन रकाने : सुरक्षितता, सखोलता. प्रत्येकी दहा मार्क. प्रश्न असा की सुरक्षितता शून्य असेल तर सखोलतेचे मार्क द्यावेत का? जेवताना विचार केला. आमटी थंड झाली. निर्णय नाही.

८ जानेवारी, बुधवार
तीन क्लीनर निवडले. एकाचं नाव मला आवडलं. म्हणजे पक्षपात सुरू! कंपनीत नमुन्यांना कोड देतो तसे दिले : क, ख, ग. कोणता कोण हे मलाही कळू नये म्हणून जान्हवीला चिठ्ठ्या काढायला लावल्या. ती म्हणाली, पप्पा, उघडल्यावर नाव स्क्रीनवर येणारच ना. मुलगी इंजिनिअरिंगला आहे, पण पद्धतशीर विचार नाही. फर्स्ट एड बॉक्समधली चिकटपट्टी काढून स्क्रीनच्या वरच्या कडेला तीन बोटं रुंद लावली. नाव झाकलं. नमिता म्हणाली, कम्प्युटरला लागलं का रे?

११ जानेवारी, शनिवार. दुपारी ३
ऐतिहासिक दिवस! नमिता बाजारात. आधी रजिस्ट्रीचा बॅकअप घेतला. एक पुरेसा आहे का, अशी शंका आली, म्हणून तीन घेतले.
क : ४१२ चुका. साफ.
ख : ९६८ चुका! त्यातल्या ३७ खुद्द क च्या. क ला सुरक्षिततेत दोन मार्क कमी.
ग : २३०४!! एवढी घाण घेऊन आपण संसार करत होतो! वर त्याने माझे तिन्ही बॅकअप 'एकसारख्या फाईल' म्हणून शोधून पुसले. याला म्हणतात सखोलता. दहापैकी दहा.
सुरू व्हायला आता चार मिनिटं चाळीस सेकंद. पण ती तीस सेकंदं वेगळी आहेत. हलकी वाटतात. उगाच खोलीत दोन फेऱ्या मारल्या. शीळही घातली.

संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष राजारामकाका चेंबूरहून आले, नमिताने सकाळीच काढून ठेवलेला चौसष्ट पानांचा प्रिंट तपासायला म्हणून घेऊन गेले. स्क्रीनवर त्यांना वाचता येत नाही. जाताना म्हणाले, नमिताक करूंदे, तू मदीमदी करू नको. हसलो. केव्हाच करून झालं होतं.

१२ जानेवारी, रविवार. सकाळी १०
नमिताने फाईल उघडली. संस्थापकांच्या फोटोखाली नावाच्या जागी तीन कंस, एक डॉलर आणि पौंडाची खूण. सगळी पानं तशीच. पेन ड्राइव्हवरची फाईलही तशीच, कारण ती वाचणारं सॉफ्टवेअरच स्वतःला ओळखेना. लायसन्स मागतंय. ज्या कंपनीने दिलं होतं ती केव्हाच बंद पडली.
शांतपणे चिकटपट्टी सोलली आणि ग चा कालचा रिपोर्ट पुन्हा उघडला. काल पट्टीखाली झाकलेली लाल ओळ निघाली : 'या नोंदी चालू प्रोग्रॅमच्या आहेत. पुसू नका.'
म्हणजे ग ने इशारा दिला होता. सुरक्षिततेचे मार्क वाढवावे लागतील. न्याय तो न्याय.
नमिता ओरडली नाही. एवढंच म्हणाली, मंडळातल्यांना वाटतच होतं की सुनेला जमणार नाही. आणि उठून गॅलरीत गेली. अर्धा तास आली नाही.
मी तिला विचारलं होतं का? तपासलं. नव्हतं. तिने नको म्हटलं होतं का? तेही नव्हतं. हे उत्तर मनाला पटेना.

दुपारी १
काकांना फोन मीच केला. सगळं सांगितलं. काका म्हणाले, मेल्या, माका म्हायत होता. मग म्हणाले, कागद माझ्याकडे आसत, येतंय.

१४ जानेवारी, मंगळवार
जान्हवीच्या लॅपटॉपवर सगळं पुन्हा टाईप होतंय. काका वाचतात, नमिता आणि जान्हवी आळीपाळीने टाईप करतात. मीही वाचायला बसलो. वीस मिनिटांत एक परिच्छेद झाला, कारण 'स्थापना' म्हणावं की 'प्रारंभ', हा प्रश्न मला प्रामाणिकपणे पडला. काका म्हणाले, तिळगूळ घे आणि गप बस. नमिता म्हणाली, गप नको काका, लांब बसूदे.
चहाची जबाबदारी माझ्याकडे आली. आलं किसून आणि आलं ठेचून, दोन्ही पद्धतींनी करून पाहिला. तक्ता केला नाही.

१८ जानेवारी, शनिवार
पाच वाजून चाळीस मिनिटांनी फाईल प्रेसला गेली. नमिता खुर्चीतच झोपली. तिच्या अंगावर शाल घातली. विचारून घालावी का, असं आधी वाटलं.

२६ जानेवारी, रविवार
प्रकाशन झकास. एकही चूक नाही. काका माईकवर म्हणाले, ह्या पुस्तक आमच्या सुनेन दोनदा केल्यान. लोकांना वाटलं, ही बोलायची पद्धत. टाळ्या खूप झाल्या. नमिता माझ्याकडे बघून हसली. मी जोरात टाळ्या वाजवल्या.

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११
स्वच्छ मनाने विचार केला. चूक क्लीनरची नव्हती, यंत्राच्या वयाची होती. तुलना नव्या यंत्रावर व्हायला हवी. पट्टी अर्ध्या रुंदीची. जान्हवीचा लॅपटॉप उघडला. पासवर्ड लावलाय.
जान्हवी म्हणाली, मम्मीला विचार. नमिता म्हणाली, नाही सांगणार.
तेवढ्यात काका आले, पाहुण्यांना पाठवायच्या प्रती न्यायला. नमिता म्हणाली, काका, पत्त्यांची यादी लॅपटॉपवर आहे, तुम्हीच उघडा. काकांना अजून मोबाईलवर फोटो मोठा करता येत नाही. ते लॅपटॉपसमोर बसले, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि डाव्या हाताचा आडोसा धरून एका बोटाने पासवर्ड टाकला.