पाचातले तीन वाटे

तासगाव,
डिसेंबर १९९६

प्रिय पूजा,

तुझं कार्ड मिळालं. वसतिगृहाचे पैसे सुट्टीनंतर लगेच भरायचे आहेत, हे लक्षात आहे. त्यासाठीच हरणाबाईनं आणि मी सयाजीतात्यांच्या द्राक्षबागेची विरळणी यंदाही उक्ती घेतली, अख्ख्या बागेचे मिळून पाचशे रुपये. घडातले बारके मणी कात्रीनं काढायचे, बाकीच्यांना फुगायला जागा करायची. तारेच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून आमची जोडी अशीच, आणि गेल्या सालापर्यंत मजुरीही निम्मीनिम्मी.

गेल्या नाताळात तू काळ-काम-वेगाचं गणित तात्यांच्या ओट्यावर खडूनं मांडलंस. आई एकटी ही बाग दहा दिवसांत करील, हरणामावशी पंधरा दिवसांत, दोघी मिळून सहा. म्हणून पाचशेतले तीनशे आईचे, दोनशे मावशीचे. हरणाबाई त्या आकड्यांकडं बघत राहिली. "पोरगी लय शिकली गं, माले," एवढंच म्हणाली आणि दोनशे कमरेला खोचून गेली. मला वाटलं, आता फुगून बसेल. तर दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी हाक मारायला आली. पुढं प्रत्येक बागेला तोच हिशेब चालला. त्यातूनच तुझी फी निघाली. पण त्या दिवसापासून तिनं बोलणं कमी केलं आणि हाताचा वेग वाढवला.

यंदा माझं चित्त ठिकाणावर नाही. हिरव्या पानांत हिरवे मणी, बारका कुठला आणि मोठा कुठला ते बोटांनी चाचपावं लागतं. ऊन समोरून आलं की सगळा घडच धुरकट. काल हरणाबाई आपली ओळ संपवून वळसा घालून माझ्याकडं आली आणि माझ्या घडांवर कात्री चालवायला लागली. मी तिला तिच्या ओळीला जा म्हटलं, तर म्हणते, "गप. तुज्या घडांनीच हाक मारली मला." दुपारी तात्या फिरत आले. माझ्या बाजूचे बरेच घड तसेच राहिलेले. त्यांनी आवाज चढवला तशी हरणाबाई पुढं झाली. "आवं तात्या, त्ये माजं राहिलंत. चार घडांसाठी वरडतायसा व्हय?" ते हसून निघून गेले.

संध्याकाळी डबे विसळताना मात्र तिनं विषय काढलाच. "मालकाम्होरं झाकलं तुजं. पैशात न्हाई झाकायची. पूजीला बोलीव. गेल्या साली तिनं मांडलं, औंदाबी तिनंच मांडावं." घरी भाकरी थापताना मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. तिला कुठं पोरगी शिकवायची आहे? मग तिच्या सुनेचं बाळंतपण तोंडावर आलंय ते आठवलं, आणि भांडायलाही काही उरलं नाही. तरी जीव थाऱ्यावर येईना.

मागच्या आठवड्यात मी तुला न कळवता मिरजेला डॉक्टरांना डोळे दाखवून आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशन उन्हाळ्यात करू म्हणाले. घाबरू नकोस. सुट्टी लागली की पहिल्या एस.टी.नं ये. तोवर पैसे स्वतःकडंच ठेवा, असं तात्यांना सांगते. ओट्यावर सगळ्यांसमोर तूच मांड. हरणाबाईच्या नावापुढं दहा दिवस लिही आणि माझ्या नावापुढं पंधरा. वसतिगृहाच्या पैशांत शंभर कमी पडतील, त्यांची मुदत तिथल्या रेक्टरबाईंकडून आत्ताच मागून घे. खडू हातात घेतल्यावर तुला तुझी फी आठवू नये, म्हणून हे आधी लिहिते आहे.

वाट बघणारी, तुझीच
आई