ताण्यातला दरवाजा

नायना, आपल्या गल्लीत येत्या सोमवारपासून डांबर पडणार आहे. बातमी पक्की आहे. नगरपालिकेच्या ओव्हरसियरने काल संध्याकाळी मला स्वतः सांगितली आणि आज सकाळी धाकट्या भावाने आपल्या दारासमोर खडीचा ढीग पडलेला पाहिला. एकाने सांगितलं म्हणून बातमी खरी धरू नये, दुसऱ्याकडून पडताळून घ्यावी, ही सवय तुमच्या या मुलाला छापखान्याने लावली. तुम्हाला ती जन्मतःच होती. सूत किती नंबरचं आहे हे दुकानदार शपथेवर सांगायचा, तरी तुम्ही ते आधी स्वतःच्या दोन बोटांत धरायचात, मग अम्माच्या बोटांत द्यायचात आणि तिने मान हलवली की मगच हलवायचात. डांबर आलं म्हणजे रस्त्यात खुंट्या ठोकता येणार नाहीत, आणि खुंट्या नाहीत म्हणजे उभ्या सुताचा ताणा ताणता येणार नाही. सुताला रस्त्यावर खळ लावणारी घरं आता गल्लीत दोनच उरली आहेत. त्यातलं एक आपलं.

तुम्ही गेल्याला वीसहून जास्त वर्षं झाली, पण ती सकाळ मला आजही जशीच्या तशी सांगता येईल. दिवस उगवायच्या आत तुम्ही आणि शेजारचे तिघे मिळून लुगड्याचा अख्खा ताणा विहिरीपासून पार मारुतीच्या पारापर्यंत ताणता. खाली आधाराला बांबूच्या फुलीसारख्या कैच्या, वर कमरेइतक्या उंचीवर हजारो धाग्यांचा एक लांबच लांब पट्टा. वळणावर हा पट्टा रस्त्याला या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरका कापत जातो. मग रात्रीच शिजवून ठेवलेली खळ येते. दोन बाजूंनी दोघं मोठे कुंचे घेऊन ती सुतावर फिरवत चालतात, पुन्हा उलटे येतात, पुन्हा जातात. सूत सुकेपर्यंत थांबायचं नाही, कारण थांबलं की धागे एकमेकांना चिकटतात आणि महिनाभराचं काम वाया जातं. उन्हं तापली तर सूत कडक होऊन तुटतं. म्हणून हे सगळं आठाच्या आत उरकायचं, आणि शहरातल्या प्रत्येकाला आपल्या गल्लीतून पलीकडे जायचं असतं तेही नेमकं आठाच्या आतच.

तुमचं म्हणणं असं, की लोकांना रस्त्यावर चालायची रीत नाही. लोकांचं म्हणणं तुमच्याबद्दल तेच. टांगेवाला लगाम खेचून ओरडायचा, "क्या चाचा, रस्ता बी बुन डाले क्या?" तुम्ही कुंचा न थांबवता म्हणायचात, "घोड्याला विचार, त्याला घाई नाही. तुलाच आहे." मंद्रूपकडून दह्याचं मडकं डोक्यावर घेऊन येणारी एक बाई होती. ती रोज तिथंच उभी राहायची आणि रोज तेच विचारायची, "आमी काय पाखरं हाय का उडून जायला?"

"खालून जा की, बाई. वाकून. देवळात वाकतीस न्हवं?"

"देवळात देव आसतोय. हितं तुमी हाय!"

यावर सगळी गल्ली हसायची. तुम्हीही हसायचात, पण कुंचा चालूच. मग अम्मा जाऊन तिचं मडकं धरायची, बाई ताण्याखालून पलीकडे जायची आणि मडकं परत डोक्यावर घेताना म्हणायची, "लई द्वाड हाय तुजा दादला."

मला तेव्हा एका साप्ताहिकात नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. धोतर, कोट, टोपी आणि एक जुनी सायकल. शनिवारी अंक निघायचा. खळीची पाजणी आटोपली की गल्लीतले सात-आठ विणकर आपल्या ओट्यावर चहाला जमत, आणि मी मराठी अंक वाचून त्याचं तेलुगू करून सांगायचो. तुम्हाला मराठी बोलता येई, वाचता येत नसे. पहिल्या पानावरचं राजकारण तुम्ही शांतपणे ऐकून घ्यायचात आणि मग म्हणायचात, "आता त्याचं वाच." तो म्हणजे 'वाटेतले लोक' या सदराचा लेखक. सदराखाली लेखकाचं नाव नसे. छत्री काखेत आडवी धरून प्रत्येक हाकेला गर्रकन वळणारा गृहस्थ, गिरणीचा भोंगा झाला की भर चौकात उभे राहून लग्नाच्या याद्या करणारे दोन व्याही, ब्रेक लावायला लागू नये म्हणून घरापासून ऑफिसपर्यंत घंटी वाजवत येणारा सायकलस्वार, असे सगळे त्यात यायचे. कुर्डुवाडीला फलाटावर असताना "आत भरपूर जागा आहे, सरका" म्हणणारा आणि डब्यात शिरला की दाराला पाठ लावून "जागा नाही, पुढचा डबा बघा" म्हणणारा प्रवासी आला, त्या दिवशी तुम्ही हसता हसता चहा सांडलात. "हा माणूस आपल्यातलाच वाटतो," तुम्ही म्हणालात. "त्याला डोळे आहेत."

तो माणूस मी होतो, नायना. घरात सांगितलं नव्हतं, कारण संपादकांची तशी अट होती. आणि खरं सांगायचं तर त्यातले निम्मे लोक मी तुमच्याकडूनच उचलले होते. मंद्रूपच्या बाजाराला सर्व्हिस मोटारीने जाऊन आलात की रात्री जेवताना तुमच्या तक्रारी चालत. एकाने तुमच्या लुगड्यांच्या गाठोड्यावर पाय ठेवले होते. "नुसते ठेवले नाहीत," तुम्ही अम्माला सांगत होतात, "वर मलाच म्हणतो, गाठोडं टणक आहे!" पुढच्या शनिवारी तो छापून आला. तुम्ही मांडीवर थाप मारून शेजाऱ्यांना म्हणालात, "बघा, माझ्या एकट्यालाच भेटत नाहीत असले!"

सदराचा मजकूर गुरुवारी साडेआठच्या आत द्यावा लागे. एका गुरुवारी माझ्याकडे विषयच नव्हता. रस्त्यात काहीतरी दिसेल म्हणून मी लवकर सायकल काढली, तर दारापासून वीस पावलांवर तुमचा ताणा आडवा. नुकतीच खळ लागलेली. मी घंटी वाजवली. तुम्ही वरही पाहिलं नाहीत.

"नायना, मी आहे. जरा वर उचला ना."

"सूत ओलं आहे. थांब."

"मला उशीर होतोय."

"सगळ्यांनाच होतोय."

मागे टांगेवाला, त्याच्यामागे दोन शाळामास्तर, आणि माझ्या शेजारी ती दहीवाली. माझी फजिती पाहून तिला इतका आनंद झाला, की त्या दिवशी तिने तक्रारच केली नाही. मी पाऊण तास उभा होतो. अंगाला घाम, मनात संपादकांचा चेहरा. छापखान्यात पोचलो तेव्हा संपादक एवढंच म्हणाले, "खिळ्यांपाशी जुळारी हात चोळत बसलाय. वीस मिनिटं देतो." विषय आता माझ्याजवळ होता. मी लिहिलं, की या शहरात काही लोक सरकारी रस्त्याला आपला माग समजतात आणि चालणाऱ्या माणसाला त्यात अडकलेला कचरा समजतात. आणखीही लिहिलं. गल्लीचं नाव दिलं नाही, पण विहीर आणि मारुतीचा पार दिला. रागाने लिहिलेलं वाक्य फार लवकर सुचतं. त्यात काय होतं ते तेव्हा दिसत नाही.

शनिवारी ओट्यावर सगळे जमले. मी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, बाजारभाव वाचले. तुम्ही म्हणालात, "आता त्याचं वाच." मी अंकाची घडी घातली. "या आठवड्यात आलं नाही."

"का?"

तुम्हीच माझी सुटका केलीत. "आजारी असेल बिचारा," तुम्ही म्हणालात. "तापाचे दिवस आहेत." आणि अम्माला आणखी चहा टाकायला सांगितलंत.

मंगळवारी नगरपालिकेचा जमादार आला. त्याच्या हातात नोटीस होती आणि नोटिशीला आमच्या अंकातलं कात्रण टाचलेलं. पंधरा दिवसांनंतर रस्त्यावर ताणा दिसला तर जप्त होईल. आपल्या गल्लीत तेव्हा तीस माग होते, आणि परसात एवढं लांब सूत ताणण्याइतकी जागा एकाही घराला नव्हती. पाजणी बंद म्हणजे माग बंद, एवढं सोपं ते होतं. जमादार वाईट माणूस नव्हता. पारावर बसून पाणी पीत म्हणाला, "रस्ता सरकारी हाय, सूत तुमचं हाय. सुतानं सरकार आडवायचं न्हाय. मी काय करू? पेपरात आलंय की." एका शेजाऱ्याने कात्रण माझ्यापुढे धरलं. आता मला ते वाचावंच लागलं, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, तेलुगूत. इतकं वाईट भाषांतर मी आयुष्यात केलं नाही, आणि इतकं खरंही. कचऱ्याचं वाक्य आलं, तेही वाचलं. तुम्ही फक्त म्हणालात, "म्हणजे आजारी नव्हता."

त्याच दुपारी तुम्ही मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होतात. मला हाक मारलीत. "कागद घे. त्याला उत्तर लिहायचं." मी बसलो. तुम्ही धोटा फेकत होतात आणि मधूनमधून एक वाक्य सांगत होतात. मी ते मराठीत उतरवत होतो.

"लिही. संपादकसाहेब, नमस्कार. तुमचा माणूस हुशार आहे. गाठोड्यावर पाय ठेवणाऱ्याचं त्याने बरोबर लिहिलं होतं. पण तो नेहमी एकाच बाजूला उभा राहून बघतो. एकदा त्याला आमच्या बाजूला पाठवा. हातात कुंचा देतो. इकडून बघितलं की रस्ता लोकांनी अडवलेला दिसतो." धोटा गेला, आला. "लिहिलंस?"

"लिहिलं."

"पुढे लिही. ओल्या सुताला घाई कळत नाही. त्याच्या अंगावरचं धोतरसुद्धा कुठल्यातरी गल्लीत, कुणाचीतरी वाट अडवूनच तयार झालेलं आहे. तरी त्याला उशीर झाला हे खरं. म्हणून आम्ही ताण्याच्या मध्ये एक जागा माणसाच्या उंचीइतकी उचलून धरू. माणूस, मडकं, सायकल, सगळं खालून जाईल. आठ वाजता रस्ता मोकळा करू."

माझ्या अंगावरचं धोतर तुम्हीच विणलेलं होतं. ते वाक्य सांगताना तुम्ही त्याच्या काठाकडे पाहिलंत का, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. मी खाली मान घालून लिहीत होतो.

पत्र छापून आलं. संपादकांनी दोनदा वाचलं आणि मला म्हणाले, "तुझ्या सदरापेक्षा हे बरं आहे. कोण आहे हा?" मी म्हटलं, "एक विणकर." पुढच्या आठवड्यात नगरपालिकेचे साहेब स्वतः सकाळी येऊन पाहून गेले. त्यांना टोपीही न काढता ताण्याखालून जाता आलं. नोटीस मागे घेतली गेली. गल्लीत त्या उंच कैचीला सगळे 'दरवाजा' म्हणू लागले. डोक्यावर ओझं असलेल्यांसाठी तिथे एकाने काठीने सूत आणखी वर धरायचं, अशी पाळी ठरली. पाळ्या तुम्ही लावल्यात. माझ्याकडे पाहून म्हणालात, "तू गुरुवारचा दरवाजा धर."

आठवड्याचे सात दिवस असताना गुरुवारच का, हे मी विचारलं नाही. पहिल्या गुरुवारी दहीवाली ताठ मानेने खालून गेली आणि पलीकडे जाऊन म्हणाली, "आता कसं मानसात आलासा!" टांगेवाल्याने घोडा वळवता वळवता मला सलाम केला. एक मास्तर दरवाज्याखालीच उभा राहून दुसऱ्याला व्याकरण समजावू लागला आणि मागे बारा माणसं तटली. हात भरून आले, काठी थरथरायला लागली, तुम्ही पलीकडून कुंचा फिरवत ओरडलात, "धर नीट! सूत ओलं आहे!" मी साडेआठला वीस मिनिटं असताना छापखान्यात पोचलो आणि एकही खाडाखोड न करता सदर लिहून दिलं. त्यानंतर तीस वर्षं ते चाललं. विषय कमी पडला असा एकही आठवडा मला आठवत नाही.

त्या शनिवारी ओट्यावर मी ते वाचून दाखवलं. मास्तरांच्या व्याकरणाला सगळे हसले. तुम्ही बशीतला चहा संपवलात, मिशा पुसल्यात आणि म्हणालात, "बरा झाला वाटतं."

एवढंच. पुढे दहा वर्षं तुम्ही होतात, पण त्याबद्दल एक शब्द नाही. मीही बोललो नाही. दर शनिवारी बोलायचं ठरवायचो आणि दर शनिवारी तुम्ही "आता त्याचं वाच" म्हणायचात, मग ते राहून जायचं.

डांबराची बातमी मी आमच्या अंकात चार ओळींत दिली आहे. रस्ता गुळगुळीत होईल, लोकांची सोय होईल, हे खरंच आहे. धाकट्याचा मुलगा यापुढे खळ लावलेलं सूत तयारच आणणार आहे, त्यामुळे माग बंद पडणार नाही. तुम्ही असतात तर त्या सुताला आधी दोन बोटं लावून पाहिली असतीत, मग कदाचित मान हलवली असतीत. रोलर सोमवारी सकाळी नऊला येणार, असं ओव्हरसियर म्हणतो. त्याचे नऊ म्हणजे अकरा. रविवारी गल्लीत शेवटचा ताणा पडेल. धाकट्याने विहिरीजवळच्या खुंट्या आजच ठोकल्यात आणि मला निरोप पाठवला आहे, की सहाला ये, दरवाजा तू धर. स्कूटरवाले भोंगे वाजवतील, कुणीतरी नक्की दरवाज्याखालीच थांबून गप्पा मारेल, आणि माझे हात आता तेव्हाइतका वेळ वर राहणार नाहीत.

हे पत्र मराठीत झालं आहे. म्हणजे वाचून दाखवायला पुन्हा मीच हवा. रविवारी आठ वाजता रस्ता मोकळा होईल, ओट्यावर चहा येईल, आणि हा कागद माझ्या कोटाच्या खिशात असेल. वाचायची वेळ आलीच, तर त्या शनिवारी अख्खं सदर गाळलं तसं याही वेळी मी मधलं एक वाक्य गाळीन, अशी मला भीती आहे. म्हणून ते शेवटी लिहून ठेवतो. त्या आठवड्यात मी आजारी नव्हतो, नायना.