नवरीच्या तोंडावरचे दोन हॅलोजन

दिंद्रुड, ता. माजलगाव
१० ऑक्टोबर २०२५

ती. अक्का,

धाकट्या लखनचा नमस्कार. फोन तू उचलत न्हाईस, म्हणून पत्र. माझं अक्षर वळखलं की पाकीट थेट चुलीत जाईल, म्हणून वरचा पत्ता तुझ्या भावजयीच्या, सुनिताच्या हातानं लिहून घेतलाय.

इकडं सगळं ठीक. मायचे गुडघे दुखत्यात, तोंड मात्र दिवसभर चालू हाय. म्हैस व्याली, रेडी झाली. तू धारूरहून माहेरी येऊन जातीस ते कळतं मला. बरोब्बर लग्नाची तिथी बघून येतीस, मी शूटिंगला गेलो की. तुझ्याइतकं पंचांग तालुक्यात कुणी वाचत नसंल.

तुझी ऋतुजा सुट्टीत आजीकडं आलती. सोळाची झाली, अगदी तुझीच छबी. तिला भाषणाच्या स्पर्धेला व्हिडिओ पाठवायचा होता. मी लाईट लावाय लागलो, तर म्हणली, "मामा, अजून जवळ घे. मी काळी हाय, न्हाईतर दिसायची न्हाई."

अक्का, वायर माझ्या हातात तशीच राहिली.

मग सगळं बंद करून पहिल्यापासून मांडलं. पोरीला भिंतीपासून चार पावलं पुढं घेतलं, खिडकीकडं जरा तिरपी बसवली. लाईट एकच, ती बी बाजूनं आन् उंचावर. उजेड मऊ पडावा म्हणून मधी दादांचं जुनं पांढरं धोतर बांधलं. आताच्या लाईटी तापत न्हाईत, तरी धोतर हातभर लांबच ठेवलं. दुसऱ्या अंगाला उजेड परतवाय थर्माकोल उभा केला. स्टँड पडू नये म्हणून पायावर वाळूनं भरलेली युरियाची गोणी ठेवली, वायरी चिकटपट्टीनं जमिनीला बसवल्या. माय म्हणली, शूटिंग करतूस का वाळवण घालतूस?

पण मग कॅमेऱ्यात बघितलं. काळ्या रानाला पाणी दिल्यावर जसं तेज येतं, तसा पोरीचा चेहरा. ऋतुजा लई वेळ बघत राहिली आन् हळूच म्हणली, "मी अशी दिसते व्हय?"

आता जे लिहायचं ते लिहितो. सुनिता दोनदा चहा ठेवून गेली, तरी हात इथंच अडतोय.

तुझ्या लग्नात दोन हॅलोजन मी तुझ्या तोंडापासून तीन फुटांवर लावले. तू म्हणलीस, लखन, डोळे जळतेत, माग घे. तवा मी म्हणलो, "गप बस. तू काळी हायस, न्हाईतर दिसायची न्हाईस." ते कॅमेऱ्याच्या माईकात गेलं. सीडी तुझ्या सासरी भरल्या घरात लागली आन् सगळ्यांनी ऐकलं. तुझे डोळे दोन दिवस सुजलेले. अठरा वर्सं मी सांगत आलो की जनरेटरवाल्या बिभीषणनं व्होल्टेज वाढवलं. त्या बिचाऱ्याचा काडीचा संबंध न्हाई. खरं इतकंच हाय की मला लाईट लावता येत नव्हती, आन् खोट मी तुझ्या रंगात काढली.

ऋतुजानं तेच शब्द कुठं ऐकले, ते विचारायची माझी छाती झाली न्हाई. चुकलो अक्का. लई चुकलो.

पाकिटात पेनड्राईव्ह हाय. पोरीचं भाषण बघ. आवाज मोठा कर, यात बोलणारी ती एकटीच हाय.

२३ तारखेला भाऊबीज. त्या दिवशी शूटिंग न्हाई, मी घरीच, म्हंजी तू यायची न्हाईस असं सुनिताचं गणित. तरी मी पाट मांडून बसतो. यावेळी उजेड तुझ्या हातात. ओवाळताना निरांजन पाहिजे तेवढं तोंडाजवळ आण. डोळे जळले तरी माग घे म्हणणार न्हाई.

तुझ्याच रंगाचा,
लखन