बाथरूमची कडी

३ तारीख, सोमवार, सकाळी ९.४०
साडेपाचला उठणार होतो. उठलो नऊला. बायको म्हणते, गजर तीनदा वाजला, तिन्ही वेळा मीच बंद केला. पुरावा नाही.
अंग असं दुखतंय, जणू झोपेत दगड फोडले. जीभही चावली गेलीय. गादी बदलायला हवी.

४, मंगळवार
फिट येऊन सात महिने झाले, म्हणजे बरा झालो. डॉक्टर म्हणतात, थकवा हा आजाराचाच भाग. त्यांचं काय जातंय? सुस्ती गोळीनंच येते. म्हणून पंधरा दिवस झाले, रात्रीची गोळी कुंडीत टाकतोय. हिला सांगितलेलं नाही. तीही मला सगळं कुठे सांगते?

५, बुधवार
प्रेसमध्ये मालकांनी कटिंग मशीनवरून काढून कागद मोजायला बसवलं. हात असलेली खुर्ची दिली. बढतीच ही. दुपारी डोळे मिटून जरा विचार केला, तर बाकीच्यांना घोरणं ऐकू आलं म्हणे. जळतात.

७, शुक्रवार
बाथरूमची आतली कडी गायब. ही म्हणते, गंजली होती. मग तिच्या शिवणाच्या डब्यात कशी सापडली? मेव्हणा सुतार आहे आणि काल तो नुसता चहाला आला होता. कुठेतरी पाणी मुरतंय.

८, शनिवार
नवी कडी आणली. दहा मिनिटांचं काम. दोन स्क्रू बसवून जरा टेकलो. जाग आली तेव्हा दिवे लागले होते. उरलेले उद्या.

९, रविवार
कडी बसली. ही चिडली नाही, म्हणजे नक्की काहीतरी शिजतंय. एवढंच म्हणाली, आंघोळ करताना गाणं म्हणत जा. वीस वर्षं माझ्या आवाजाला नावं ठेवली. आजच कसा गोड लागला?

१०, सोमवार, सकाळी ७
आंघोळीला चाललोय. कडी लावणार. गाणार तर मुळीच नाही.

१३, गुरुवार
कपाळाला चार टाके. दार मेव्हण्यानं तोडलं. त्याआधी हिनं खांद्यानं धडका दिल्या, तिचा हात गळ्यात बांधलाय. गाणं ऐकू येईना म्हणून लगेच धावले, म्हणाली. कुंडीबद्दलही तिला कळलंय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१४, शुक्रवार
गोळी घेतली. दाराच्या जागी पडदा आलाय. रंग मी निवडला.
आंघोळ करताना गायलो. दुसऱ्या कडव्यापाशी दम लागून थांबलो. लगेच पडदा हलला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.